आत्याबाईचे नव्वद दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

“ज्या बोटीवर कुणी कुरकुर करत नाही, त्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही.” हे बाबांचं वाक्य. मी दहा वर्षांची होते. नळाखाली हात घासता घासता म्हणाले होते. बाबा इंजिनरूममध्ये फिटर. त्यांच्या हाताला, टॉवेलला, त्यांनी घातलेल्या माझ्या वेणीलासुद्धा जळक्या तेलाचा वास यायचा. त्या वासाची किळस तेव्हा बसली ती बसलीच. वाक्याचा अर्थही तेव्हाच लावून टाकला: बाबांना कुरकुर आवडते.

आज आठवायचं कारण, आज बढती. वीजकेंद्रांना तेल आणि गॅस पोचवणाऱ्या सात बोटींच्या कंपनीत मी सुरक्षितता, पर्यावरण आणि व्यवसायवाढ अशा तिन्ही विभागांची प्रमुख. आधी तीन माणसं होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. आता तिघंही मीच, म्हणजे संवादाचा प्रश्न मिटला.

संकल्प: सातव्या मजल्यावर रोज जिन्याने. प्लास्टिकची बाटली बंद. कुणावरही चिडायचं नाही. इथे खरं तेच लिहायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्टने. (जिन्यात कुणीतरी काहीतरी सांडलंय. शी.)

दिवसभर पिवळी कार्डं वाचली. बोटीवर काही विपरीत होता होता टळलं, की तिथल्या माणसाने ते पिवळ्या कार्डावर लिहून ऑफिसला पाठवायचं, ही जुनी पद्धत. खाली दोन सह्या: एक लिहिणाऱ्याची, एक ज्याच्यासमोर घडलं त्याची. गेल्या महिन्यात त्रेसष्ट आली. ‘पायरीवर तेल. घसरलो. पडलो नाही.’ ‘दोर तुटला. खाली कुणी नव्हतं. दोन मिनिटं आधी मी होतो.’ ‘गॅसचा भोंगा वाजला नाही. गॅस होता.’ काय ते अक्षर, काय ते डाग! एका कार्डावर जेवणाचा ओघळ. हात तीनदा धुतले.

त्यातली अकरा एकट्या धाकट्याची. माझा भाऊ. सेकंड इंजिनियर आहे, आमच्या सगळ्यात जुन्या बोटीवर. तिला सगळे आत्याबाई म्हणतात, कारण कुठेही पोचली की आधी कण्हते आणि मग कामाला लागते. बाबा गेले, पण कुरकुर घराण्यात ठेवून गेले.

त्रेसष्ट कार्डं म्हणजे कंपनी एका महिन्यात त्रेसष्ट वेळा नापास. हे माझ्याआधी कुणालाच कसं दिसलं नाही?

१० फेब्रुवारी, सोमवार. दिवस पहिला

‘शून्य’ योजना जाहीर. ज्या बोटीवरून नव्वद दिवसांत एकही पिवळं कार्ड येणार नाही, तिला समारंभात ढाल, आणि खलाशांच्या मेससाठी मोठा मायक्रोवेव्ह. मोठे साहेब म्हणाले, इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही. मीही तेच म्हणाले. मनात.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दिवस पंधरावा

दोन आठवड्यांत फक्त चार कार्डं. समुद्र सुधारतोय.

‘कागदमुक्त कार्यालय’ हे धोरण सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून चाळीस प्रती काढल्या. नवी स्टीलची बाटली पर्समध्ये गळली आणि त्यातल्या अठरा भिजल्या. बाटली परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, बाटली चांगलीय, बाई, झाकण तिरकं लावता तुम्ही. माणसं स्वतःची चूक मान्यच करत नाहीत. प्लास्टिकची घेतली. तात्पुरती.

६ मार्च, गुरुवार

बोट हळू चालवली की तेल कमी जळतं, धूर कमी. हे पर्यावरण. वीजकंपनीला मात्र अकराऐवजी नऊ दिवसांत माल हवाय. ही व्यवसायवाढ. दोन जण असते तर भांडत बसले असते. मी दुपारच्या जेवणाआधी परिपत्रक काढून मोकळी: ‘सर्व बोटींनी हळू जावे व वेळेवर पोचावे.’

संध्याकाळी आत्याबाईच्या कप्तानाचं उत्तर: ‘आदेश मिळाला. हळू निघालो आहोत. वेळेवर पोचण्यासाठी गेल्या मंगळवारी निघायला हवे होते.’

उद्धटपणाची हद्द! फाइलला लावलं. चिडले नाही. फक्त पंच मशीन जरा जोरात दाबलं.

१९ मार्च, बुधवार

धाकट्याचा फोन. म्हणाला, ताई, जनरेटरच्या मागे तेलाच्या पाइपचा एक जोड टपकतोय. खाली तापलेली नळी आहे. जोड बदलायला दोन दिवस बोट उभी करायला हवी. मी म्हटलं, दोन दिवस? नऊ दिवसांच्या फेरीत? तो म्हणाला, मग कार्ड लिहितो. मी म्हटलं, लिही की, तुझा हक्कच आहे. फक्त आत्याबाईचा आज अडतिसावा दिवस आहे एवढं लक्षात ठेव.

तो म्हणाला, जोडाखाली डबा ठेवलाय.

समंजस आहे. शेवटी भाऊ कुणाचा?

२ एप्रिल, बुधवार. दुपारी ३

समारंभासाठी अफलातून कल्पना. सुरक्षितता, पर्यावरण, व्यवसायवाढ: तीन पायांवर उभी कंपनी. म्हणजे तीन पायांचं खरंखुरं स्टूल स्टेजवर! सुतार मापं घ्यायला आला. पायाला चपला नाहीत, कानावर पेन्सिल, बोटं सरसाने चिकट. माझ्या टेबलाला हात लावला. पुसलं. म्हटलं, डुगडुगणार नाही ना? तर हसायला लागला. म्हणाला, तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, मॅडम. चार पायांचं डुगडुगतं, म्हणून माणूस सावध होतो. तीन पायांचं आधी काही सांगत नाही. थेट पाडतं.

मला पहिलं वाक्य आवडलं. भाषणात घेतलं.

१७ एप्रिल, गुरुवार. दिवस सदुसष्टावा

सात बोटी मिळून या महिन्यात एकही कार्ड नाही. ट्रे रिकामा, पांढराशुभ्र. फडक्याने पुसला तरी फडकं स्वच्छ. कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी हे बघायला हवं होतं.

१ मे, गुरुवार. दिवस एक्याऐंशीवा

सकाळीच मूडचा विचका. आत्याबाई बंदरात लागलीय, रात्री पुन्हा निघणार. धाकटा तसाच ऑफिसात आला. बॉयलर सूट, कोपरापर्यंत काळा, आणि तो वास! पांढऱ्या खुर्चीवर बसू नको म्हटलं तर उभाच राहिला. पाण्याचा ग्लास दिला, त्यावर पाच काळी बोटं उमटली. ग्लास टाकून दिला.

म्हणाला, परवा त्या जोडाखालच्या नळीवरून धूर आला. आयत्या वेळी मी तिथे होतो, कुकने गोणपाट भिजवून आणलं, म्हणून निभावलं. डबा आता दिवसाला दोनदा भरतो. मी म्हटलं, बाकी कुणी तर काहीच बोलत नाही. तो म्हणाला, कसं बोलतील, ताई? आमच्या कुकने मेसमध्ये मायक्रोवेव्हची जागा करून ठेवलीय. मी कार्ड लिहिलं म्हटल्यावर त्याने मला भाजी वाढली नाही. शेवटी कशीबशी सही दिली त्याने.

आणि खिशातून पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दोन सह्या. कोपऱ्यात अंगठ्याएवढा तेलाचा डाग.

म्हणाला, तू प्रमुख आहेस म्हणून नाही आणलं. ताई आहेस म्हणून हातात देतोय.

तो गेल्यावर खोलीभर सुगंधी फवारा मारला. आता जळक्या तेलाचा आणि गुलाबाचा असा मिळून वास येतोय. खिडकी उघडली तरी जात नाही.

५ मे, सोमवार

कार्डाबद्दल मोठ्या साहेबांशी बोलले. म्हणजे बोलायला गेले. त्यांनी आधीच सांगितलं की वीजकंपनीचे लोक समारंभाला येणार आहेत आणि पाच वर्षांचा करार तिथेच, स्टेजवर, होणार. आत्याबाई परत येऊन दहाला सकाळी पुढचा माल घेऊन निघणार, तिचा फोटो मागच्या पडद्यावर. मग म्हणाले, तुमचं काय होतं? मी म्हटलं, फुलांचं विचारायचं होतं.

नीट विचार केला. टळलेला अपघात असेल तरच कार्ड. इथे टपकणं चालूच आहे, म्हणजे काही टळलेलं नाही. मग हे कार्डच नाही. ही सूचना. खरं तर निरीक्षण. अकराला, समारंभ झाल्यावर, पहिलं काम हेच करणार. तोवर कार्ड या रोजनिशीत, खूण म्हणून. पानाला डाग पडलाय.

८ मे, गुरुवार

स्टूल आलं. अजिबात डुगडुगत नाही. धाकट्याचे दोन मिस्ड कॉल. भाषणाची तालीम चालू होती.

१० मे, शनिवार. दिवस नव्वदावा. सकाळी ७.३०

जिन्याने गेले! (लिफ्ट बंद.)

१० मे. संध्याकाळी ६

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता भाषण. टाळ्या. मग मोठे साहेब म्हणाले, या स्टुलावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि बसले. वीजकंपनीच्या माणसाशी हात मिळवायला व्यवसायवाढीच्या बाजूला जरा वाकले. डुगडुगले नाहीत. एकदम खालीच. लोक हसले, मीही हसले. वीट आला होता सगळ्याचा, तरी हसले.

साहेबांना उठवत असताना फोन आला. आत्याबाई, बंदरापासून दोन तासांवर. इंजिनरूमला आग. पंधरा मिनिटांत विझली. सगळे वाचले. धाकट्याने झडप बंद केली, म्हणून तेल थांबलं. झडप तापलेली होती. त्याने ती हातांनी बंद केली.

मागच्या पडद्यावर आत्याबाईचा फोटो. खाली अक्षरं: नव्वद दिवस, शून्य.

१२ मे, सोमवार

हॉस्पिटलात गेले. भावजय दाराबाहेर स्टुलावर बसलेली. चार पायांचं. मला बघून उठली, दार लावून घेतलं आणि पुन्हा बसली. म्हणाली, ताई, त्यांनी तुम्हाला कार्ड दिलं होतं ना? मी म्हटलं, ते तांत्रिकदृष्ट्या निरीक्षण होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी टेबल पुसायच्या आधी टेबलाकडे बघते तशी.

दाराच्या काचेतून दिसले: दोन पांढरे गोळे, उशीवर ठेवलेले. बोटं नाहीतच असं वाटतं. आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन वळतील, बाकीची बघू.

दुपारी चौकशीचे अधिकारी. विचारलं, याआधी कुणी काही कळवलं होतं का? मी म्हटलं, आमच्या नोंदीत शून्य आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं.

घरी येऊन उलटी झाली. तेलाचा वास कुठेच नव्हता.

१६ मे, शुक्रवार. सकाळी ८

चार दिवस काही लिहिलं नाही. मायक्रोवेव्ह केबिनमध्ये खोक्यातच आहे. काल पहिल्यापासून वाचून काढलं. खरं तेच लिहायचं ठरवलं होतं. सगळं खरंच लिहिलंय. त्याचीच जास्त शिसारी येते.

बाबांचं वाक्यही पुन्हा वाचलं. आवडीनिवडीचं वाक्यच नव्हतं ते.

धाकट्याचं कार्ड आज दहाला अधिकाऱ्यांना देणार. सोबत राजीनामा. सातही बोटींचे जोड तपासल्याशिवाय एकही सोडू नये असं साहेबांना लिहून दिलंय. ते काय म्हणतील ते मला पाठ आहे, पाच वर्षांचा करार मीच जुळवून आणलाय.

आणि एक कोरं पिवळं कार्ड घेतलं, स्वतःच्या अक्षरात भरलं. आयुष्यातलं पहिलं. ‘टपकतंय असं सांगितलं होतं. कार्ड दडवलं. मी भाजले नाही.’ लिहिणाऱ्याची सही केली. दुसरी सही, ज्याच्यासमोर घडलं त्याची, ती एकाच माणसाची असू शकते, आणि त्याला पेन धरता येत नाही.

भावजयीला मेसेज. पहिला मसुदा: ‘दिनांक दहा रोजीच्या दुर्दैवी प्रसंगाच्या अनुषंगाने’. शी. पुसला. दुसरा: ‘मला तरी कुठे माहीत होतं’. पुसला. माहीत होतं.

तिसरा पाठवला. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. ती नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असते तर दार उघडायला उठलेही नसते. इथे उतरवून ठेवते:

‘आज मला पाच मिनिटं आत येऊ दे. बसणार नाही. एक कार्ड त्याला वाचून दाखवायचंय. सही नको, त्याने फक्त ऐकावं. आणि मग तो काय कुरकुर करेल ती मला ऐकू दे.’