समुद्राची ओटी

कसबा पेठ, पुणे
२० जानेवारी २००४

चि. हेमा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

आम्ही मंडळाच्या तेहतीस जणी सुखरूप घरी पोचलो. एवढ्या लांब तुझ्या गावचा समुद्र बघायला आलो आणि तू कासवांच्या दवाखान्यातून चक्क दहा मिनिटं बाहेर आलीस, त्याबद्दल कासवांचे आभार. मुलगी वाळली आहे पण खूश आहे, असं तुझ्या वडिलांना सांगितलं.

समुद्राची ओटी मात्र मनासारखी भरली. तांदूळ वाळूत सांडून पायदळी येऊ नयेत म्हणून प्रत्येकीची ओटी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि तोंडाला नाडापुडीतला लाल दोरा दुहेरी गाठ मारून बांधला, मग ती लाटेत सोडली. ही गाठ देवालाही सुटायची नाही, असं मंडळातल्या सोजरबाई म्हणाल्या.

वेळेवर जेवत जा. कासवांना वाटून लोभ उरला तर थोडा इकडे पाठव.

तुझी,
मंदाकिनी आत्या


१६ फेब्रुवारी २००४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पण तुझ्यापासून काही लपवणं मला जमत नाही.

आठवड्यापूर्वी कोळ्यांनी कासवाची एक मादी आणून दिली. टाकीत सोडली की ती नुसती तरंगत राहते. पोटात प्लॅस्टिक अडकून वायू धरला आहे, त्यामुळे बुडी मारता येत नाही, आणि बुडी नाही तर समुद्रात खाणंही नाही. पाण्यातली पिशवी कासवांना जेलीफिश वाटते आणि ती गिळतात. परवा तिच्या पोटातून एक तुकडा बाहेर पडला. त्याला लाल दोरा होता, दुहेरी गाठ होती आणि गाठीत हळद लागलेले तीन तांदूळ अडकले होते.

अजून आत किती आहे कळत नाही. तिच्या जिवाची खात्री आज देता येत नाही, पण मी तिला सोडणार नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझीच,
हेमा


कसबा पेठ, पुणे
२३ फेब्रुवारी २००४

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

रागावले, पण तुझ्यावर नाही. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा समुद्राला मिळते, हे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि शाळेतून येताना निर्माल्याची पिशवी पुलावरून मुठेत टाकली. एवढी हुशार बाई पेठेत दुसरी नसेल.

मंडळात तुझं पत्र वाचून दाखवलं. एका पिशवीने काय होतं, असं सोजरबाईंनी विचारलं. पिशव्या तेहतीस होत्या आणि सगळ्या मी बांधल्या होत्या, असं मी सांगितलं. पुढच्या वर्षी समुद्राला नुसता नमस्कार करायचा आणि ओटी तुझ्या गावच्या कोळणींच्या पदरात घालायची, असं ठरवून उठलो. निर्माल्य आता घरच्या कुंडीत जिरवते.

ती मादी कशी आहे ते कळव. गेली असली तरी सांग. माझ्या हातून जे झालं ते मला माहीत हवं.

आत्या


१४ मार्च २००४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात आणखी दोन तुकडे पडले. मग ती खेकडे खायला लागली, टाकीच्या तळाशी जाऊन बसायला लागली. काल सकाळी तिला होडीतून खोल पाण्यात नेऊन सोडलं.

सुरुवातीला ती वरच तरंगत राहिली. होडीवाला म्हणाला, जरा थांबा ताई. मग तिने मान खाली घातली आणि गेली. आम्ही बराच वेळ होडी तिथेच धरून होतो. चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. आत्या, रिकामा समुद्र बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तुझा लोभ आहे तसाच असू दे.

हेमा