कुठलं टोक ओढायचं

प्रिय टिटवे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. मी बोलते आहे आणि तुझे आजोबा लिहीत आहेत. एवढ्या वर्षांच्या संसारात मी बोलते ते सगळं यांना पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकावं लागतंय. मला अक्षर येत नाही याचा इतका फायदा कधी झाला नव्हता. मध्येच पेन थांबवून पत्र कुणाला म्हणून विचारतात. मी म्हणते, टिटवीला. मग मान हलवून पुढे लिहायला लागतात. चिडवायची खोड जुनीच आहे, तुला काय सांगायचं.

तर तुमच्या ऑफिसची चिठ्ठी मिळाली. मिळाली म्हणजे काय, सकाळी जिने उतरून वाळूत गेलो तर आपल्या तंबूच्या पुढच्या खांबाला लटकत होती. पिवळीधमक, वरून प्लॅस्टिकचं कव्हर, जणू लग्नाची पत्रिकाच. यांनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि समुद्रात डुंबायला आलेली निम्मी मंडळी ऐकायला गोळा झाली. सूर्य मावळल्यावर सार्वजनिक किनाऱ्यावर सावलीचा तंबू, छत्री, खांब, दोर काहीही उभं ठेवू नये. ही ताकीद समजावी. पुन्हा आढळल्यास तंबू उचलून मोडीत काढला जाईल. खाली तुझी सही. सही बघून हे इतके हरखले की ताकीद आपल्यालाच आहे हे विसरले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नातीची सही दाखवत बसले. लाइफगार्ड त्याच्या उंच खुर्चीवरून ओरडला की आजी, नियम काढला साहेबिणीनं आणि पहिला मोडला साहेबिणीच्या घरानं. लोक हसले. मीही हसले. पण तुझ्या ऑफिसातही हेच कुणीतरी बोललं असणार, आणि तिथं तुला हसता आलं नसणार, हे मला कळतं गं.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. उलट जरा उशिराच काढलात. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसे लोक आदल्या संध्याकाळीच पाण्याजवळ तंबू ठोकून जातात, आणि सकाळी जो बिचारा पोराबाळांना घेऊन लांबून येतो त्याला मिळतं कचऱ्याच्या डब्याशेजारी. वाळू साफ करणारं तुमचं यंत्र पहाटे येतं ते या तंबूंना वळसे घालत फिरतं, त्यामुळे मधेमधे घाणीची बेटं राहतात. मागे वादळी वारं सुटलं तेव्हा त्या जाड्या न्हाव्याचा तंबू उडून थेट आइस्क्रीमवाल्याच्या गाडीवर जाऊन बसला होता. न्हाव्याचं म्हणणं, गाडी मध्ये आली. तेव्हा नियम असू दे. न्हाव्याला तर दोन असू देत.

आता आपला तंबू. हे आत्ताच हसले, कारण तंबूचं नाव काढलं की यांची मान ताठ होते. तुला आठवतो ना तो नवा असताना? ताडपत्रीच्या कारखान्यात यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या आणि दुकानं झाकली, आणि निवृत्त व्हायच्या वर्षी उरलेल्या तुकड्यांतून स्वतःच्या घरासाठी एवढी एकच गोष्ट शिवली. हिरवा पट्टा मध्येच आला, कारण निळं कापड कमी पडलं. तू विचारलंस हिरवा का, तर तुला सांगितलं की तिथून समुद्राला आपण दिसतो. तू पाच-सहा वर्षं ते खरं मानलंस. त्याच्याच सावलीत तू दुपारी घोरायचीस आणि उठल्यावर मी झोपलेच नव्हते म्हणून भांडायचीस. आणि दोरांची ती गाठ. कारखान्यात हाताखालच्यांनी किती मागे लागावं, पण यांनी कुणाला धड दाखवली नाही. तुला मात्र मांडीवर बसवून, तुझी चिमुकली बोटं धरून शिकवली. एक टोक ओढलं की आपोआप सुटते, दुसरं ओढलं की आणखी आवळते. मला नाही शिकवली, आणि मीही मागितली नाही. घरातलं जे काम आपल्याला येतं ते आपल्याच गळ्यात पडतं, हे मी लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं.

मग तंबू रात्रभर उभा का राहतो, असं तू विचारशील. तर दोष माझ्या गुडघ्यांचा लिही, असं मी यांना सांगते आहे आणि हे आनंदानं लिहीत आहेत. संध्याकाळ झाली की मला घर दिसायला लागतं. मीच म्हणते, राहू द्या आता, कोण ते सोडणार, दुमडणार आणि तीन मजले वर नेणार, सकाळी पुन्हा यायचंच आहे. यांना हे मुळीच पटत नाही. आत्ता यांनी पेन रोखून बजावलं की त्यांचं नाव खराब होता कामा नये, ते रोज तंबू काढायला तयार असतात आणि ही बाईच आळशी आहे, हे स्पष्ट लिहायचं. लिहा म्हटलं. मोठ्या अक्षरात लिहा. बायकोला आळशी ठरवताना यांचं अक्षर किती सुंदर येतं ते तूच बघ. आता हे विचारताहेत की पत्र कुणाला. पुरे झालं, चहाची वेळ झाली.

टिटवे, इथून अक्षर बदललंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. हे आंघोळीला गेलेत, आणि खालच्या मजल्यावरची नर्स माझ्यासाठी लिहायला बसली आहे. पोरगी भली आहे, रडत नाही आणि मध्ये सल्ले देत नाही. शेवटी लाल अंगठा दिसेल तो माझा. घरात शाई नव्हती, म्हणून तिची लिपस्टिक लावली. या वयात लिपस्टिक लागली तीही अंगठ्याला.

वर जे लिहिलं त्यातले गुडघे खोटे आहेत. म्हणजे दुखतात, पण तंबूच्या आड येत नाहीत. सकाळी आजोबांची बोटं आपोआप चालतात. रात्रीच्या वाऱ्यानं हललेले खांब पुन्हा रोवतात, सैल पडलेले दोर सोडून ताणतात, बघता बघता नवी गाठ पडते. संध्याकाळी मात्र ते त्याच गाठीपुढे उकिडवे बसतात आणि कुठलं टोक ओढायचं ते त्यांना सुचत नाही. नेमकं उलटं ओढतात. गाठ आवळत जाते तसा त्यांचा चेहराही आवळत जातो. मी हात लावून पाहिला, मी तर आणखीच घट्ट केली. एकदा त्यांनी माझ्या पिशवीतली फळं कापायची सुरी घेतली आणि दोर कापला. आपल्या हातानं वळलेला दोर. सकाळी तो कापलेला दोर बघून कुठल्या वाह्यात पोरांचं काम म्हणून तणतणले, आणि मीही पोरांना चार शिव्या घातल्या. त्या दिवसापासून मला गुडघे झाले. नर्स सांगते, असा आजार संध्याकाळी जास्त जाणवतो. डॉक्टरकडे जाऊन आलो, आजोबांना सांगितलं की माझ्यासाठी जातोय. गोळ्या माझ्या नावाच्या डबीत आहेत. तंबू मोडीत गेला तर सकाळची ती गाठही जाईल. सध्या त्यांच्या हातात पूर्वीसारखं उरलेलं तेवढंच आहे, आणि लिहिणं. लिहितात सगळं, पण ओळ संपली की मजकूर कुणाचा ते हरवतं. फोनवर मला हे बोलता येईना, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी असतो.

तेव्हा आमच्यासाठी नियम वाकवू नकोस. वाकवलास तर न्हावी तुझं डोकं खाईल, आणि बरोबरच करेल. मला दुसरंच हवंय. ऑफिस सुटल्यावर किनाऱ्यावरून ये. ओळखपत्र गळ्यातच राहू दे. दरडावून सांग की चला आजोबा, सूर्य मावळला, उठा. सरकारी माणसानं उठवलेलं त्यांना चालेल, बायकोनं सावरलेलं चालणार नाही. मग त्यांना म्हण की मी ही गाठ विसरले, पुन्हा एकदा दाखवा. त्यांची बोटं तुझ्या हातात घे आणि बरोबर टोक ओढ. मी पाठ करून समुद्र बघत बसेन, मला काही दिसणार नाही. रोज जमणार नाही हे मला कळतं. जमेल तेव्हा ये, बाकी दिवशी लाइफगार्डला ती गाठ शिकव, तो नुसती जीभ चालवत बसलेला असतो. एखाद्या संध्याकाळी तुला ओळखलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलंच तर माझ्याकडे बघ, मी ओळखते.

चिठ्ठी तू स्वतः येऊन बांधलीस, माणूस पाठवला नाहीस, हेही मला ठाऊक आहे. पहाटे येऊन बांधलीस आणि जिना न चढता गेलीस. वर येऊन चहा घेतला असतास तर तुझा नियम काही विरघळला नसता. मला अक्षर कळत नाही, पण चिठ्ठी खांबाला बांधलेल्या दोरीची गाठ बघितल्याबरोबर मी ओळखलं. अशी गाठ या किनाऱ्यावर दोनच माणसं मारतात. यांनी सही लोकांना दाखवून झाली, चिठ्ठी खिशात घातली, आणि मग ती दोरी हातात घेऊन कितीतरी वेळ उलटीसुलटी करत राहिले. तुझं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "हे ज्यानं बांधलंय ना, त्याला कुणीतरी फार मायेनं शिकवलंय."

तुझीच,
आजी