कोल्बीला जवळ जाऊन सांग

डॅरेल,

मी दवाखान्यात ड्यूटीला निघतेय. राजम्याची चिली शेगडीवर आहे, फक्त गरम कर.

दुपारी कॉलेजच्या बेसबॉल कोचचा फोन आला होता. कोल्बीच्या उजव्या कोपराचे रिपोर्ट त्याने पाहिले. बोलला गोडच, पण कोल्बीची टीममधली जागा आणि स्कॉलरशिप दुसऱ्या मुलाला दिली म्हणाला. "पुढच्या वर्षी तरी?" मी विचारलं. "मॅडम, आशा लावून बसू नका." इतकी वर्षं आपण प्रत्येक सुट्टी मैदानांवर घालवली, आणि एवढ्याशा फोनवर सगळं संपलं.

कोल्बीने शाळेतून आल्या आल्या विचारलं, "मॉम, कॉलेजचा फोन आला?" माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. आता तो मागच्या अंगणात डाव्या हाताने बॉल फेकायला शिकतोय. एकही बॉल जाळीपर्यंत पोचत नाहीये.

तू आलास की तो तुला ग्लोव्ह घालून समोर उभं राहायला सांगेल. नाही म्हणू नकोस. थोडे बॉल झेल, मग सांग. पण तिथून, लांबून सांगू नकोस. चालत त्याच्यापर्यंत जा.

रोंडा