मुकीचा श्वास

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठकीस मामाचे अ. उ. आशीर्वाद.

विशेष. लाडाने तुला ठकी म्हणायला लागलो, तेव्हा तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

परवा रविवारी दुपारी तुमच्याच शहरात होतो. फर्निचरच्या एका गोदामाखाली तळघर आहे, तिथला हवा बाहेर फेकणारा पंखा अडला होता. मालक म्हणाला, जे दिसेल ते विसरायचं. म्हटलं, मी बघायला कुठे आलोय, ऐकायला आलोय. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून शिडीवर उभा राहिलो. खाली दोन बायका एकमेकींना बुकलत होत्या. त्यातली एक काळ्या कापडी मुखवट्याची. ती अवाक्षर बोलत नाही म्हणून तिला 'मुकी' म्हणतात म्हणे. पण ठोसा मारण्याआधी मुकीने नाकातून दोन आखूड श्वास सोडले, हुं-हुं. मी शिडीवरून पडायचाच राहिलो. लहानपणी माझ्या दुकानात खिळा ठोकायला हातोडी उचललीस की हाच आवाज काढायचीस.

अगं, तुझी बडबड थांबावी म्हणून सगळं घर झटलं, आणि तू मुकी झालीस ती तिथे? आठवडाभर दवाखान्यासाठी कवळ्या बनवायच्या आणि रविवारी गिऱ्हाइकं तयार करायची. धंदा चोख आहे तुझा. पण एक बरगडी सांभाळून उभी होतीस. ती दुखते का, ते आधी लिही.

तुझा मामा

ता. ७ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना हातातली कवळी खाली पडली. दोन दात गेले, कुणाच्या तोंडात नव्हते म्हणून बरं. बरगडी ठीक आहे.

आईला सांगू नका, पाया पडते. बाबा गेल्यावर तिने मला एकटीने वाढवलं. माझं बोट कापलं तरी तिला घास जात नाही. मुखवटा मी धुऊन खाटेखाली वाळवते, तिला पत्ताही नाही. पहिल्यांदा मी नुसती बघायला गेले होते, मग एकदा उतरले. खरं सांगू? तिथे मी कुणाची बिचारी लेक नसते. ते आवडलं.

पण आता सोडायचंय. मुलींना हेच सगळं उजेडात, उघड्या तोंडाने शिकवावं असं मनात आहे. मालक म्हणतो, पंधरा तारखेच्या रविवारी 'घण'बरोबर शेवटची लढत कर. जिंकलीस तर खुशाल जा, हरलीस तर सगळ्यांसमोर मुखवटा काढ. नाही गेले तर तोच माझं नाव फोडेल. फोटो आईपर्यंत पोचायला संध्याकाळ लागणार नाही.

घण म्हणजे तुम्ही पाहिलीत तीच, माझ्या दीडपट. माझा ठोसा निघायच्या आत तिचा हात वर असतो. कसा, ते कळत नाही.

आपली ठकी

ता. १० फेब्रुवारी

चि. ठकीस अ. आ.

मला कळतं. मी शिडीवरून जे ऐकलं, ते ती हातभर अंतरावरून ऐकते. तू हुं-हुं केलंस की तुझा उजवा हात येणार हे तिला पाठ आहे. तू मुकी कसली? दारावरची बेल वाजवून चोरी करायला जातेस!

आता श्वास बदलायच्या भानगडीत पडू नकोस, उगाच धाप लागेल. बेल वाजव, पण दारातून जाऊच नकोस. ती दार लावायला धावेल, तू खिडकीतून शीर. डावा हात तुझा काही वाईट नाही. माझ्या डब्यातलं त्याच हाताने पळवायचीस.

मुलींसाठी जागा बघ. पंखे मी बसवीन. तुझ्या आईला, आमच्या धाकटीला, यातलं काही लिहीत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, पण हे ठेवतो.

तुझा मामा

ता. १६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, जिंकले!

आधी जुन्या सवयीने उजवाच हात गेला आणि घणने मला आडवी केली. मुखवट्याची नाकापाशीची शिवण उसवली. मालक तर कडेला येऊन उभाच राहिला होता. तेव्हा तुमची बेल आठवली. उठले, हुं-हुं केलं आणि थांबले. घणने दार लावून घेतलं. मी डाव्या हाताने खिडकीतून आत! ती बसली ती उठलीच नाही.

नंतर तिला हात देऊन उठवलं तर म्हणाली, ठक आहेस, ठक! माझं घरचं नाव हिला कुणी सांगितलं, म्हणून मी दचकलेच. तिचा एक दात हलतोय. दवाखान्यात ये म्हटलंय. मुलींना शिकवायला तीही येते म्हणते.

आईला यातलं काहीच कळलं नाही. तुमचे उपकार फेडणार नाही, डबा मात्र भरून देईन.

आपली ठकी

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास धाकटीचा सा. न.

तुझं पत्र पोचलं. गुडघे, पंखे, हवापाणी, सगळं आहे. ठकीचं नाव तेवढं एकदाही नाही. तेव्हाच समजले, तुला कळलंय. एका घरात वाढलो, कान काय तुला एकट्यालाच मिळाले? हुं-हुं ती झोपेतही करते. खाटेखाली घातलेलं ओलं कापड संध्याकाळपर्यंत इतकं खडखडीत कसं वाळतं, हा प्रश्न बाईसाहेबांना कधी पडला नाही. ती कामावर गेली की मी इस्त्री फिरवायचे.

रविवारी दुपारी मला घास जात नसे, हे खरं. पण मी बोलले असते तर ती थांबली असती, आणि माझ्याकडे बघून थांबलेली लेक मला नको होती. या रविवारी जिना चढताना गात होती. जिंकली ना? काल विचारत होती, रिकामा हॉल भाड्याने कुठे मिळेल. मी कशाला ते विचारलं नाही, दोन पत्ते दिले.

माया आहेच, तुझ्याकडून ती अशीच पाझरत राहू दे.

तुझी धाकटी

ता. क. मुखवट्याची शिवण मी दुहेरी घातली. आज तो धुऊन गच्चीत, पुढच्या दोरीवर, उन्हात वाळत टाकलाय. गल्लीच्या तोंडापासून दिसतो. तिची यायची वेळ झालीय. बघू, आमची मुकी काय बोलते.