पाच चिठ्ठ्या

आई, मऊरानीपूरजवळच्या त्या गावात मी तुला माझ्याच सोयीसाठी नेलं होतं. बायकांच्या तब्येतीची इंग्रजी प्रश्नावली मी हिंदीत केली होती आणि ती खेड्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना कळते का, ते पाहायचं होतं. सारा जन्म झाशीच्या लक्ष्मी गेटात गेल्यामुळे तुला बुंदेली घरच्यासारखी यायची. मला नीट येत नव्हती. निंबाखाली सात बायका बसल्या आहेत. मी वाचते, "क्या आपको मूत्र-असंयम की शिकायत है?" सातही माना नकारार्थी हलतात आणि मी सात वेळा 'नाही' लिहिते. तू पुढे सरकतेस, "काए बैन, खाँसे-छींके पै धुतिया भीज जात का?" खोकताना-शिंकताना लुगडं ओलं होतं का, एवढंच. मग एकजण तोंडाला पदर लावून म्हणते, "हओ." पाठोपाठ आणखी चौघी. त्यांतली थोरली तुलाच विचारते, "और तुमाई?" आपलंही तसंच, असं तू सहज सांगतेस, "हमाई सोई. कित्ते बरस हो गए." मग त्या हसल्या, जवळ सरकल्या आणि तासभर तुझ्याशी बोलत राहिल्या.

माझे कान तापले होते, कारण पाहणीचे प्रमुख, आमचे डॉक्टरसाहेब, मागेच उभे होते. परतताना जीपमध्ये, ड्रायव्हरला कळू नये म्हणून मराठीत, मी तुला म्हणाले, "चारचौघांत हे काय बोललीस? मला मान वर करायला जागा ठेवली नाहीस." तू बाहेर बघत म्हणालीस, "बरं बाई, चुकलं माझं." पुढच्या खेपेला गुडघ्यांचं निमित्त करून तू आली नाहीस, आणि मला हायसं वाटलं. तुझा प्रश्न मात्र जसाच्या तसा छापला गेला. बैठकीत साहेबांनी वाखाणणी केली, कसं सुचलं म्हणून विचारलं, तर मी म्हणाले, "गावात फिरलं की सुचतं, जी."

त्या पाचजणींना मी चिठ्ठ्या देऊन झाशीला लेडी डॉक्टरकडे पाठवलं. थोरलीचं ऑपरेशन झालं. नंतर भेटली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, अब बिटिया के घरै जा आउत, रात रुक आउत. तू मात्र पुण्याच्या मावशीकडच्या लग्नालाही आली नाहीस. इतका लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणालीस, आणि का झेपत नाही ते मला ठाऊक होतं.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? सहावी चिठ्ठी लिहायचं मला सुचलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. सुचलं होतं, आई. लेडी डॉक्टर माझ्या ओळखीची होती, म्हणून लिहिली नाही.