गुण आला

मल्लेश्वरम, बेंगळूर, १९६३

विद्याधर भावजी,

वर आशीर्वाद लिहायचे असतात. हात वळला नाही.

काल सभेत तुम्ही सांगितलंत, "आमच्या प्रयोगशाळेच्या गोळ्यांनी क्षयाचे रोगी घरच्या घरी बरे होतात." होत असतील. सासूबाईंचा खोकलाही त्या गोळ्यांनीच कमी झाला होता. तेव्हा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "गुण आला." म्हणजे औषध लागू पडतंय, एवढंच. डॉक्टर कानडी, मधे दुभाषी तुम्ही, सासूबाईंच्या पोटचा मुलगा. तुम्ही सांगितलंत, "गुण आयतु." कानडीत त्याचा अर्थ, रोग पूर्ण बरा झाला. गोळ्या थांबल्या. मी म्हटलं, अजून ताप येतो, तर म्हणालात, "वहिनी, तुम्ही पोळ्या बघा, गोळ्या मी बघतो."

दिवाळीच्या आत त्या गेल्या. तरी कालच्या भाषणात त्या बऱ्या झालेल्यांतच होत्या.

हे पत्र टाकणार नाही. याचाही तुम्ही सोयीचा अर्थ लावाल. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध आहे. तुम्ही येऊ नका. ज्याची आई बरी झाली, त्याचं श्राद्धाला काय काम?

नात्यापुरती तुमची वहिनी,
कस्तुराबाई