तांब्याभर पाणी

वहिनी,

दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "भावजी, शेवटी काही बोलले का हो हे?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं.

आमच्या विदूषक मंडळात पोटासाठी हे काम करणारा मी एकटाच, बाकी सगळे हौशी. तुमचा नवरा पोस्टातून थेट तालमीला यायचा, बोटं शाईने काळी, म्हणून त्याला आम्ही 'शिक्का' म्हणायचो. लाल नाक लावलं की कुणी कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर डोक्यावर तांब्याभर पाणी, हा नियम माझाच.

त्या रविवारी शिक्का धाडकन आपटला. पडण्यात तो आमच्यात उस्ताद, त्यामुळे टाळ्याच पडल्या. मग पडल्या पडल्या त्याने हळूच माझं नाव घेतलं. खरं नाव.

"दंड! दंड!" सगळे ओरडले. मी तांब्या भरून आणला आणि त्याच्यावर ओतला. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पाण्याने तोंडावरचा पांढरा रंग ओघळला, तेव्हा खालचे निळे पडलेले ओठ दिसले.

वहिनी, त्याने नियम मोडला नव्हता. तो मला हाक मारत होता.

आता मंडळात सगळे एकमेकांना खऱ्या नावानेच हाका मारतात. कुणालाच हसू येत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर ते त्याच्याच पोस्टात जाईल आणि शिक्का दुसराच कुणीतरी मारेल.

ज्याला त्याने हाक मारली,
तो